वार, मीटर आणि फर्मी : डॉ. होमी भाभा यांचे जीवन

नऊवारी लुगड्याची लांबी नऊ वार. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर; त्यामुळे पूर्ण लुगडे आठ मीटर तेवीस सेंटिमीटरांच्या आसपास भरते. परळ-लालबागच्या गिरण्यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना वार आणि इंच तोंडपाठ होते; त्यांच्या नातवंडांना मीटर आणि सेंटिमीटर तोंडपाठ आहेत. मात्र याच मुंबईत, गिरणगावापासून काही मैलांवर, गेल्या शतकाच्या मध्यास एक संस्था उभी राहिली आणि तिच्या संशोधकांच्या बोलण्यात फर्मी नावाचे तिसरेच माप रुळले. एका मीटरचे हजार भाग करावेत, त्यातल्या एका भागाचे पुन्हा हजार, आणि असे एकूण पाच वेळा करावे, म्हणजे हाती येतो तो एक फर्मी. एका मीटरात एकावर पंधरा शून्ये इतके फर्मी बसतात. आपल्या जुन्या अंकमालेत कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी यांच्यापुढे ‘अंत्य’ नावाचे स्थान आहे. ते नेमके हेच. म्हणजे आजीचे लुगडे आठ अंत्य फर्मींहून थोडे अधिक लांब असे.

या तिसऱ्या मापाच्या प्रदेशात मुंबईतून प्रथम ज्यांनी अधिकाराने पाऊल टाकले, त्या डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे चरित्र स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते. अणुशक्तीचे जनक एवढी एक ओळ पाठ्यपुस्तकात येते आणि तिच्याखाली हा माणूस झाकला जातो.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा ऑक्सफर्डमध्ये शिकलेले वकील. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. आजोबांनी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुखपद भूषविले होते. घरात ग्रंथालय, पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका, चित्रकलेचे शिक्षण, सारे काही होते. शाळा कॅथीड्रल आणि जॉन कॉनन; पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबायला हवे. याच एल्फिन्स्टन महाविद्यालयात भाभांच्या सुमारे दीड दशक आधी बाबासाहेब आंबेडकर शिकले. परळच्या कामगारवस्तीत राहून, बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या आधाराने त्यांनी पदवी मिळविली. महाविद्यालय एकच, पण तिथवर पोहोचण्याची वाट एक नव्हती. भाभांची प्रतिभा निर्विवाद आहे. परंतु त्या प्रतिभेला वाढण्यासाठी जे मोकळे अंगण जन्मतःच लाभले, त्याचा उल्लेख टाळून त्यांचे चरित्र लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यात भाभांचा उणेपणा नाही. समाजाच्या रचनेची ती नोंद आहे.

१९२७ साली भाभा केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. मुलाने यांत्रिक अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर बसावे, अशी घरच्यांची योजना होती. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्राकडे ओढले गेले होते. वडिलांनी अट घातली : आधी अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळव, मग गणिताचा खर्च मी करीन. १९३० साली अट पूर्ण झाली, १९३२ साली गणिताची परीक्षाही त्याच श्रेणीत पार पडली. पॉल डिरॅक यांच्यासारखा गुरू तेथे होता, आणि कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्याच वर्षी न्यूट्रॉनचा शोध लागला होता.

त्या काळात अणुविज्ञानापुढचा प्रश्न कोणत्या आकाराचा होता, हे समजल्याशिवाय भाभांचे काम समजणार नाही. अणूचा व्यास साधारण एक अँगस्ट्रॉम, म्हणजे एक लाख फर्मी. त्याच्या मध्यभागी असलेले केंद्रक मात्र काही फर्मींचेच. हायड्रोजनचा केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन, त्याचा व्यास पावणेदोन फर्मींच्याही आतला. दादरच्या शिवाजी पार्कच्या मैदानात मधोमध दोन मिलिमीटरांचा मोहरीचा दाणा ठेवला आणि तो प्रोटॉन मानला, तर हायड्रोजनचा अणू म्हणजे त्या दाण्याभोवती सुमारे सव्वाशे मीटर व्यासाचा गोल. दाणा आणि गोलाची कड यांच्यामध्ये एका इलेक्ट्रॉनखेरीज काही नाही. लाखांच्या मापातून एककाच्या मापात उतरायचे, तर पट्टी उपयोगाची नसते, सूक्ष्मदर्शकही नसतो. एक कण दुसऱ्यावर आदळवायचा आणि तो कसा उडतो यावरून आतल्या अंतरांचा हिशेब करायचा, हाच मार्ग उरतो.

हा हिशेब भाभांनी केला. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर ते कोणत्या कोनात किती प्रमाणात विखुरतील, याचे गणित त्यांनी १९३५-३६ मध्ये मांडले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी केलेले ते काम आज जगभर ‘भाभा विकिरण’ या नावानेच ओळखले जाते. १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त दिला. अंतराळातून आलेल्या प्रचंड ऊर्जेच्या कणांमुळे वातावरणात एकाएकी कणांची सर कोसळते, हे प्रयोगांत दिसले होते. ती का कोसळते, हे उमगत नव्हते. भाभा-हाइटलर यांचे उत्तर एखाद्या चाणाक्ष विद्यार्थ्यालाही पटेल असे आहे. वेगवान इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळून जाताना प्रकाशकण सोडतो. तो प्रकाशकण पुढे जाऊन इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी निर्माण करतो. ती दोघे पुन्हा प्रकाशकण सोडतात. ढोबळमानाने प्रत्येक पावलाला कणांची संख्या दुप्पट. दहा पावलांनंतर एकाचे हजाराहून अधिक. हे पाऊल शिशामध्ये साधारण अर्ध्या सेंटिमीटरचे असते, समुद्रसपाटीच्या हवेत सुमारे तीनशे मीटरांचे. घटना घडते ती केंद्रकाजवळच्या अतिसूक्ष्म क्षेत्रात. तिचा पसारा मात्र पट्टीने मोजता येतो. व्यवहारातली लांबी आणि अणूच्या पोटातली लांबी यांना जोडणारा पूल तो हाच.

तिसरी गोष्ट काळ आणि अंतर यांविषयीची. जपानचे हिदेकी युकावा यांनी केंद्रकातील बल एक-दोन फर्मींच्या पलीकडे पोहोचत नाही, या एकाच वस्तुस्थितीवरून ते बल वाहणारा कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट जड असावा, असे भाकीत १९३५ साली केले होते. लांबीवरून वस्तुमान काढण्याची ही रीत विलक्षण होती. तशाच वस्तुमानाचा एक कण लवकरच विश्वकिरणांत सापडला. त्यास ‘मेसोट्रॉन’ म्हणत. मूळ ग्रीक शब्दात नसलेली अक्षरे मध्ये घुसडण्याचे कारण नाही, म्हणून ‘मेसॉन’ म्हणावे, ही सूचना भाभांची, १९३९ सालची. (विश्वकिरणांतला तो कण म्हणजे युकावांचा कण नव्हे, हे पुढे कळले, त्यास आज म्यूऑन म्हणतात.) हा कण स्थिर अवस्थेत एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातील सव्वादोन भागांइतकाच जगतो. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही तो ६६० मीटरच जाईल, म्हणजे मुंबईतल्या दोन बसथांब्यांइतके अंतर. तरीही दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेले असे कण जमिनीपर्यंत पोहोचतात. वेगवान कणाचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंदावते, या आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची कसोटी येथे घेता येईल, हे भाभांनी १९३८ सालीच निदर्शनास आणले.

बौद्ध वाङ्मयाशी परिचित असलेल्या वाचकांना येथे ललितविस्तर आठवल्यावाचून राहणार नाही. त्या संस्कृत ग्रंथात तरुण सिद्धार्थाची परीक्षा घेणारा अर्जुन नावाचा गणिती त्यांस परमाणूपर्यंतची मापे विचारतो, आणि राजपुत्र ती क्रमाने सांगतो. सात परमाणुरजांचा एक अणू, सात अणूंची त्रुटी. मग झरोक्यातील धूलिकण, सशाच्या, मेंढीच्या, गाईच्या पायाशी उडणारा रज, लीख, मोहरी, जव, आणि सात जवांचे एक बोटाचे पेर. पुढे बारा पेरांची वीत, दोन वितींचा हात, चार हातांचे धनुष्य, हजार धनुष्यांचा कोस, चार कोसांचे योजन. परमाणूपासून पेरापर्यंत दहा वेळा सातने गुणायचे : अठ्ठावीस कोटी चोवीस लाख पंचाहत्तर हजार दोनशे एकोणपन्नास. पेर पावणेदोन ते दोन सेंटिमीटरांचे धरले, तर ग्रंथातील परमाणुरज सुमारे ६७ हजार फर्मींचा येतो. आजच्या अणूच्या आकाराच्या हे आश्चर्यकारक जवळ आहे. पण यावरून प्राचीनांना अणू मोजता येत होता, असा डंका पिटण्याचे कारण नाही. ती सातची पायरी मोजून काढलेली नव्हे, कल्पिलेली आहे. उत्तर जुळले तो योगायोग. त्या कथेतील मोलाची गोष्ट वेगळी आहे. सर्वांत लहान आणि सर्वांत लांब यांना एकाच शिडीवर मांडता येते, आणि ती शिडी कोणालाही पायरी-पायरीने चढून-उतरून तपासता येते, हा विश्वास. भाभांच्या पिढीने त्या शिडीच्या खाली आणखी पाच शून्ये शोधली, आणि तीही प्रयोगाने.

१९३९ साली भाभा सुटीसाठी मुंबईस आले असताना युरोपात युद्ध भडकले आणि परतीची वाट बंद झाली. ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचे संशोधन करू लागले. १९४१ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही. १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या अध्यक्षांना पत्र लिहून त्यांनी मूलभूत भौतिकशास्त्रासाठी भारतातच एक संस्था असावी, असा प्रस्ताव ठेवला. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरात सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत आली. तिचे पहिले घर पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगला. भाभांचा जन्म याच घरात झाला होता.

तारखा शेजारी ठेवल्या की इतिहास बोलू लागतो. १ जूननंतर पाच आठवड्यांनी, ८ जुलै १९४५ रोजी, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. एकाच शहरात, स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, दोन संस्था उभ्या राहिल्या. एक विद्येचे शिखर उंच करण्यासाठी होती; दुसरी त्या डोंगराच्या पायथ्याशीही ज्यांना येऊ दिले नव्हते, त्यांच्यासाठी. दोन्ही आवश्यक होत्या. खेद एवढाच वाटतो की या दोन वाटा एकमेकींस मिळण्यास पुढे फार काळ लागला.

१९४९ साली टाटा संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. १ जानेवारी १९५४ रोजी पंतप्रधान नेहरूंनी कुलाब्यास नव्या वास्तूची पायाभरणी केली आणि १५ जानेवारी १९६२ रोजी त्यांनीच तिचे उद्घाटन केले. भाभांची चित्रकाराची नजर या वास्तूत सर्वत्र दिसते : समुद्राकडे उघडणारे हिरवळीचे पटांगण, जतन केलेली झाडे, भारतीय चित्रकारांच्या कलाकृतींचा संग्रह, हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र. आत काम मात्र अत्यंत कष्टाचे चाले. विश्वकिरणांखाली ठेवलेल्या विशेष छायाचित्रण-थरांत मूलकण आपली रेषा सोडून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेषा शोधून त्यांची लांबी मायक्रॉनमध्ये मोजायची. एक मायक्रॉन म्हणजे एक अब्ज फर्मी. रेषेच्या लांबीवरून कणाची ऊर्जा काढता येते. अशाच थरांवर दार्जिलिंगच्या डोंगरात आधी काम केलेल्या बिभा चौधरी १९४९ साली या संस्थेत आल्या. संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-संशोधक.

संस्थेत आणखी एक नाव आपल्या जिव्हाळ्याचे आहे. ज्या धर्मानंद कोसंबींनी १९३०च्या दशकात परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभारला, त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी १९४६ ते १९६२ या काळात तेथे गणिताचे प्राध्यापक होते. भाभांनीच त्यांना आणले. पुढे दोघांचे बिनसले. अणुशक्तीवर एवढा खर्च करण्याऐवजी या देशाने सौरशक्तीकडे वळावे, हे कोसंबींचे मत होते आणि ते उघडपणे मांडण्यास ते कचरत नसत. १९६२ साली त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविण्यात आली नाही. भाभांच्या गौरवग्रंथांत हे प्रकरण दोन ओळींत उरकले जाते. मला वाटते, विरोधी मताचा विद्वान संस्थेत राहू शकला नाही, ही त्या भव्य वास्तूतील उणीवच होती.

भाभांचे दुसरे क्षेत्र सर्वज्ञात आहे, म्हणून थोडक्यात. १९४८ साली ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ पासून तुर्भ्याचे केंद्र उभे राहू लागले. तेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. त्याआधीच्या वर्षी जिनिव्हास भरलेल्या अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवरील पहिल्या संयुक्त राष्ट्र परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले होते.

१९५६ हे वर्ष मापांच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी वजने व मापे यांचा प्रमाणीकरण कायदा संसदेत संमत झाला, आणि १९५८ पासून शेर, मण, वार, फूट यांच्या जागी किलोग्रॅम आणि मीटर टप्प्याटप्प्याने येऊ लागले. त्याच १९५६ साली अमेरिकेत रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी, दोन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या एन्रिको फर्मी यांच्या स्मरणार्थ, केंद्रकाच्या मापास ‘फर्मी’ हे नाव सुचविले. गिरणगावच्या दुकानदार जुन्या वारांचे मीटर करू लागला, तेव्हा कुलाब्याचा संशोधक मीटरांचे फर्मी करीत होता. आणि १९६० साली खुद्द मीटरच बदलला : पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या दांड्याऐवजी क्रिप्टॉन अणूच्या नारिंगी प्रकाशाच्या साडेसोळा लाखांहून थोड्या अधिक तरंगलांबी म्हणजे एक मीटर, असे ठरले. दुकानातल्या पट्टीचे प्रमाण अणूकडून येऊ लागले.

१९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली ७,६०० फुटांवर, म्हणजे २.३ किलोमीटर खोल, टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल टिपली. एवढ्या खडकातून अन्य कण सहसा पोहोचत नाहीत. विश्वकिरणांच्या ज्या शाखेची सुरुवात भाभांनी केली होती, तिचे हे फळ त्यांच्या हयातीत हाती आले.

पुढच्याच जानेवारीत, २४ तारखेला, व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीस निघालेल्या भाभांचे ‘कांचनजंगा’ विमान जिनिव्हा विमानतळाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वताच्या शिखराजवळ आदळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभा छप्पन्न वर्षांचे होते. अविवाहित होते. या अपघातामागे कट असल्याच्या कथा आजही पसरविल्या जातात. इतिहासाला पुरावा लागतो, आणि तो पुढे आलेला नाही. चौकशीत निघाले ते इतकेच : विमानातील एक दिशादर्शक उपकरण बिघडलेले होते, आपण पर्वत ओलांडला असे वैमानिकाने मानले, आणि नियंत्रकाने दिलेली दुरुस्ती शब्दयोजनेतील संदिग्धतेमुळे त्यास नीट उमगली नाही. चूक काही मैलांच्या अंतराची होती.

त्याच जिनिव्हाच्या परिसरात पुढे सत्तावीस किलोमीटर परिघाचा बोगदा खोदण्यात आला आणि १९८९ ते २००० या काळात त्यात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन समोरासमोर आदळविण्यात आले. एका फर्मीच्याही हजाराव्या भागाच्या आसपासची रहस्ये तेथे तपासली गेली. अशा यंत्रात प्रत्यक्षात किती टकरी होत आहेत, हे ठरवायला ज्याचे गणित आधीपासून नेमके ठाऊक आहे, असे काही प्रमाण लागते. ते प्रमाण म्हणजे भाभा विकिरण. सव्विसाव्या वर्षी त्यांनी मांडलेले समीकरण आता इतरांची मोजणी तपासण्याची मोजपट्टी झाले आहे.

मुंबईत त्यांच्या नावाने १९७४ साली सुरू झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आरंभी गिरगावला लागून असलेल्या नाना चौकातील महापालिकेच्या शाळेत होते. टाटा संस्थेचेच हे अंग. १९८०च्या दशकात या केंद्राने महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी काही वर्षे चालणारा उपक्रम घेतला. मुलांना प्रयोग स्वतः करू दिले, प्रश्न विचारू दिले, आणि पाठ्यपुस्तकातील बोजड मराठीची अडचण दूर केली. विज्ञानाआधी विज्ञानाची भाषाच या मुलांना अडवते, असे तेथील संशोधकांना आढळले होते. शालान्त परीक्षेपर्यंत त्या मुलांची कामगिरी लक्षणीय सुधारली, आणि घरात कोणी शाळा पाहिलेली नाही अशांपैकी कित्येक जण विज्ञानशाखेकडे वळले.